बुधवारच्या खुर्च्यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा सोफे व खुर्च्या भरणे (हात थरथरू लागल्यापासून बंद), धर्म ख्रिस्ती, रविवारी देवळात शेवटच्या रांगेत दाराजवळ आणि उरलेले दिवस स्वतःच्या खुर्चीत आढळणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. कसल्याही नशेचा अंमल माझ्यावर नाही. सकाळी एक गोळी घेतली, पण ती पित्ताची होती.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, म्हणून हा कागद. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करावं असं पुष्कळदा मनात आलं, पण त्यासाठी खुर्चीत बसले की डोळा लागायचा.

कलम १. देह. माझा आत्मा प्रभूच्या स्वाधीन. देहाबद्दल मात्र थोड्या सूचना आहेत. शवपेटीचं आतलं अस्तर मी स्वतः शिवून ठेवलं आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर निळ्या चादरीत गुंडाळलेलं सापडेल. खाली कापसाचा थर आहे, मानेखाली वेगळी उशी आहे. हसायचं त्याने हसावं. पुनरुत्थानाला किती अवकाश आहे हे पाळकांनाही सांगता येत नाही, तोवर मान अवघडून पडायची माझी तयारी नाही. अंत्यविधीच्या वेळी पाळकांनी उपदेश आटोपता घ्यावा. ऐकणारे माझ्याच हातच्या खुर्च्यांवर बसलेले असतील, त्यांच्यावर दया करावी. या वाक्याचा अर्थ कलम ३ मध्ये कळेल.

कलम २. राहते घर. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, मागे कामाची पडवी, पुढे रस्त्याला उघडणारं दार. हे घर माझ्या कमाईचं आहे, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे ते कोणाला द्यायचं हा हक्क सर्वस्वी माझा आहे. पुढच्या खोलीत खिडकीशी माझी खुर्ची आहे. त्या खुर्चीचा सांगाडा मी तीनदा बदलला आणि स्प्रिंगा पाचदा बांधल्या. पाठ अशी की माझ्या कण्याचा प्रत्येक मणका त्यात आपापल्या जागी जाऊन बसतो. लोकांच्या घरात मी जन्मभर आराम भरत आले, पण हातचा उत्तम माल मी स्वतःसाठी राखून ठेवला, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. एकदा उपदेशात पाळक म्हणाले, प्रभूला डोकं टेकायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझ्या मनात आलं, कोणी मला वेळेवर सांगितलं असतं तर! अशी मी ख्रिस्ती.

माझे थोरले भाऊ वारले, तेव्हा त्यांचं भाड्याचं घर सुटलं आणि वहिनी एक ट्रंक घेऊन माझ्याकडे आली. चार दिवस म्हणून आली, ती आजतागायत आहे. तिच्या येण्याला माझी हरकत नव्हती. वहिनी मांजराच्या पावलांनी चालते, कमी बोलते, आणि माझ्या खुर्चीकडे कधी बघतही नाही. तिला बसायला तिने पडवीतला लाकडी स्टूल आणला. पण दुसऱ्या आठवड्यात ती चुळबुळत माझ्यासमोर उभी राहिली.

"वन्सं, आमची बुधवारची प्रार्थना आमच्याच घरी व्हायची. आता घर नाही. एवढा एक बुधवार इथे चालेल का हो?"

मी म्हटलं, "एकच ना?"

तो एक बुधवार अजून संपलेला नाही.

कलम ३. बुधवारच्या दहा खुर्च्या. याची हकीकत नोंदवून ठेवणं भाग आहे, कारण माझ्या माघारी त्यांच्याविषयी भलतंसलतं बोललं जाईल.

बुधवारी संध्याकाळी माणसं यायची. चपला दारात, आवाज घरात. कुलूप-किल्ल्यांचं दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. आम्ही त्यांना कुलूपवाले म्हणतो. ते प्रार्थनेला लागले की हरवलेली किल्ली शोधावी तसे बोलत राहतात, शेवट काही सापडत नाही. कोणाच्या नोकरीसाठी, कोणाच्या गुडघ्यासाठी, कोणाच्या पळून गेलेल्या कुत्र्यासाठीसुद्धा प्रार्थना. माझी संध्याकाळची झोप पार धुळीला मिळाली. नाही म्हणायचं तर वहिनीचं तोंड एवढंसं व्हायचं. मग मी माझ्या धंद्याला शोभेल असा मार्ग काढला. मंडळींना बसायला धड काही नव्हतं, मी मोठ्या मनाने दहा खुर्च्या करून दिल्या. बसायची गादी पुढच्या बाजूने बोटभर उतरती ठेवली. वरून पाहिलं तर कळत नाही. बसलं की माणूस हळूहळू पुढे सरकतो, पाय रोवतो, पुन्हा मागे होतो, पुन्हा सरकतो. चार भजनांच्या पलीकडे त्यावर कोणाची पाठ टिकू नये, असा हिशेब होता.

मी काही लपवलं नाही. पहिल्याच बुधवारी सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं की या खुर्च्या तुम्ही लवकर घरी जावं म्हणून केल्या आहेत. तर सगळे पोट धरून हसले. कुलूपवाले म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणजे ना!" खरं बोललं की या मंडळींना गंमत वाटते. त्याला मी काय करणार?

आणि झालं भलतंच. बसवेना म्हणून माणसं उठली, पण घरी नाही गेली, घरभर पसरली. एकीने मोरीतली भांडी घासायला घेतली. एकाने गळका नळ बांधला. कुलूपवाल्यांनी घरातली यच्चयावत कुलपं उघडून त्यांना तेल दिलं, माझ्या खासगी कपाटाचंसुद्धा. दोन बायका बोलत बोलत थेट पडवीत शिरल्या आणि माझ्या कापडाच्या गठ्ठ्यांवर ऐसपैस बसल्या. पूर्वी तासाभरात आटपायचं ते आता दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत चालू लागलं. मी हात टेकले.

त्यात एका बुधवारी पाळक आले. घसरले, सावरले, पुन्हा घसरले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "उपदेशात कोणी पेंगणार नाही," म्हणाले. लगेच पंचांची बैठक झाली, देवळातले जुने बाक निघाले आणि या नमुन्याच्या चाळीस खुर्च्या मलाच सांगितल्या गेल्या. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार? आज कित्येक वर्षं दर रविवारी मी माझ्याच हुशारीवर बसते. घरून उशी नेते, तर उशीसकट घसरते. प्रभूला विनोदाचं अंग नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवावं. म्हणजे आता कबरीकडे.

कलम ४. माझा भाचा. वहिनीचा एकुलता एक मुलगा. मोठ्या शहरात नोकरी, आठव्या मजल्यावर घर. त्याच्याविषयी या कागदात एकही वाकडा शब्द नाही, कारण मुलगा चांगला आहे. शस्त्रक्रियेचं ऐकून तो गेल्या आठवड्यात धावत आला. फळं घेऊन आला, रिपोर्ट वाचले, आणि मग आई स्वयंपाकघरात गेल्यावर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. म्हणजे घसरला.

"आत्या, राग मानू नकोस. पण तुझं काही बरंवाईट झालं, तर आई या घरात एकटी काय करणार? मी घर विकतो आणि तिला घेऊन जातो. लिफ्ट आहे, चोवीस तास गरम पाणी आहे. वेगळी खोली देतो तिला. जन्मभर दुसऱ्यांच्या चहाचे कप विसळले तिने. तिने आता आराम करायला नको का?"

आराम हा शब्द माझ्या घरात माझ्यावरच कोणी उगारेल, असं वाटलं नव्हतं. आराम नको म्हणायचा अधिकार मला कुठला? मी मान हलवली. त्याला वाटलं, मी हो म्हटलं. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "तू म्हणतोस ते बरोबरच आहे रे," आणि ओलं फडकं घेऊन दहाच्या दहा खुर्च्या पुसायला लागली. त्या दिवशी बुधवार नव्हता.

तो गेल्यावर ती फडकं पिळत म्हणाली, "वन्सं, तिथे बुधवारी कोणी येत असेल का हो?"

मी म्हटलं, "लिफ्टने येतील की."

ती हसली नाही. मीही नाही.

कलम ५. निर्णय. दोन वर्षांमागे मी माळ्यावरून स्प्रिंगांचा खोका काढताना पडले आणि खुबा मोडला. पुढच्या खोलीतच खाट टाकली होती. तेव्हा ही बुधवारची माणसं वारांचं भान सोडून रोजची येऊ लागली. दुपारभर कुलूपवाले माझ्या खाटेशी बसायचे. दुकान बंद ठेवून, त्या घसरत्या खुर्चीवर, दोन्ही पाय जमिनीला रोवून. स्तोत्रं वाचायचे, तीही अडखळत, आणि मध्येच दहादा पाठ मागे ओढून घ्यायचे. माझी मऊ खुर्ची दोन हातांवर रिकामी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि तुम्हाला सांगते, माझ्याही तोंडून 'त्यात बसा' असं निघालं नाही. खुबा मोडला होता, स्वभाव शाबूत होता.

पण ती माणसं यायची थांबली असती तर मी त्या खाटेवरून उठले नसते. हे मला तेव्हाही कळत होतं. ज्यांना हाकलायला मी दहा खुर्च्या केल्या, ती माणसं मला हवी आहेत. लिहिताना लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात. आणि मी नुसती चवीपुरती त्यांच्यातली आहे. वहिनीचा तर श्वास त्यांच्यावर चालतो. तिला आठव्या मजल्यावर गरम पाणी मिळेल आणि ती महिन्याभरात वाळून जाईल.

म्हणून मी असे ठरवीत आहे की, माझ्या पश्चात हे घर वहिनीच्या मालकीचे होईल. तिच्या हयातीत ते विकू नये, गहाण टाकू नये, व तिला तिच्या मनाविरुद्ध तेथून हलवू नये. पुढचे दार बुधवारी उघडे राहील. तिच्या पश्चात घर भाच्याला मिळेल, मग त्याने त्याचे काय करायचे ते करावे.

भाच्या, चिडू नकोस. आईची काळजी असेल तर एखाद्या बुधवारी येऊन बस. घसरशील, मग उठशील, मग कोणीतरी तुझ्या हातात फडकं देईल. तुझ्या बापाला तर त्यांनी या खुर्च्यांशिवायच पकडलं होतं.

माझ्या त्यागाबद्दल कोणी गहिवरून वगैरे बोलू नये. मेल्यावर उदार होणं फार सोपं आहे. जन्मात मी केलेला हा पहिला त्याग, आणि तोसुद्धा मी नसताना लागू होणार. झोपमोड दुसऱ्यांची, पुण्य माझं.

कलम ६. बँकेतली ठेव. दवाखान्याचं आणि दफनाचं भागवून उरेल ते अर्धं भाच्याला, अर्धं वहिनीला. तिने ते देवळाला देऊ नये. ती देणारच आहे, पण माझा विरोध नोंदवून ठेवते.

कलम ७. हत्यारं. वाकड्या सुया, पट्टे ताणायची फळी, चुंबकाची हातोडी, कात्र्या, सगळं माझ्या हाताखाली शिकलेल्या डावरीला. डावऱ्या हाताची म्हणून मी तिला हे नाव ठेवलं. आज तिचं स्वतःचं दुकान आहे आणि माझ्यापेक्षा तिचं काम सरळ आहे, हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिने देवळातल्या चाळीस खुर्च्यांच्या गाद्या उसवून सपाट कराव्यात. पाळकांनी त्याला हरकत घेऊ नये. लोक पेंगत असतील तर उपदेश सुधारावा. घरच्या दहा खुर्च्यांना मात्र कोणी हात लावायचा नाही. त्या आहेत तशाच उतरत्या राहतील. माणसं आरामात बसली तर वहिनीचे कप कोण विसळणार?

कलम ८. जुनी उणीदुणी. ज्या सोफेवाल्याने माझ्या नमुन्यात भुसा भरून तो माझ्या नावावर विकला, त्याला मी क्षमा केली आहे असं रोज प्रार्थनेत म्हणते. लेखी देणार नाही. देवळात माझ्या पुढच्या रांगेत बसून उंच टोपी घालणाऱ्या बाईंना क्षमा. त्यांच्या आडोशाला मी पुष्कळ झोपले आहे.

कलम ९. अंमलबजावणी. या मृत्युपत्राचा अंमल पाळकांनी करावा. माणसांना पोचवायचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला नाही. साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना आणि कुलूपवाल्यांना बोलावलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकिलांनी सांगितलं. कुलूपवाल्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, "मग बरंच झालं ताई, काही द्यायचं राहिलं म्हणून तुमच्या जिवाला घोर नको." या माणसावर धड रागावताही येत नाही.

कलम १०. माझी खुर्ची. हे कलम शेवटपर्यंत कोरं होतं. सकाळपासून तीन नावं लिहिली आणि खोडली. खरं म्हणजे माझ्या मनातून ती कोणालाच द्यायची नव्हती. शवपेटीत मावली असती तर प्रश्नच मिटला असता.

इतक्यात वहिनी चहा घ्याल का विचारायला आली. हाताला साबण, कपाळावर घाम. आज बुधवार, म्हणजे ती पहाटेपासून उभी होती. मी काठी घेऊन उठले आणि म्हटलं, "वहिनी, इथे बस जरा."

"कुठे?"

"इथे. माझ्या खुर्चीत."

तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "वन्सं, बरं वाटत नाही का तुम्हाला? वरच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारू?"

"दातांची डॉक्टर माझ्या हृदयाचं काय करणार? बस गुपचूप."

ती कडेला टेकली. हात ओले म्हणून वर धरून ठेवले. म्हणाली, खुर्ची खराब होईल. मी म्हटलं, होऊ दे. मग ती हळूच मागे टेकली, आणि "अगं बाई" एवढंच म्हणाली. इतकी वर्षं आम्ही एका खोलीत काढली, पण तिची पाठ कशाला तरी टेकलेली मी आज पहिल्यांदा पाहिली. मला रडू आलं. पुढे ती काही बोलली नाही, म्हणून पाहिलं तर झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात अजून अर्धवट वर.

सबब ही खुर्ची वहिनीची. आणि बाकी सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत, पण हे एक कलम आजपासून, या घटकेपासून लागू आहे. सोमवारी मी वाचले तरीही ते रद्द होणार नाही. वाचले तर मला फार जड जाईल, हे मला आत्ताच दिसतं आहे, म्हणून लिहून ठेवते.

वर लिहिलेला सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे. सही उतरती आली आहे, यावरून माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. मी बुधवारच्या खुर्चीवर बसून सही केली आहे आणि करता करता पुढे सरकले आहे.

सही: आत्या (भाच्याची), वन्सं (वहिनीच्या), ताई (बाकी सगळ्यांच्या)

साक्षीदार १: दातांच्या डॉक्टरीणबाई, वरचा मजला. उभ्याने सही केली. खुर्ची नको म्हणाल्या, त्यांना अनुभव आहे.

साक्षीदार २: कुलूपवाले. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आले. सही करण्यापूर्वी छोटीशी प्रार्थना करू का विचारलं. करू दिली. छोटीशी नव्हती, पण वहिनी जागी झाली नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
वार: बुधवार, दिवेलागण.

ता. क. आत्ताच दाराची घंटा वाजली. मंडळी आली. इतकी वर्षं ही घंटा वाजली की मी खुर्चीतून ओरडायचे, "वहिनी, तुझी माणसं आली गं!" आणि ती हात पुसत धावायची. आजही तोंड उघडलं होतं, पण ती झोपली आहे. कुलूपवाले उठायला लागले, त्यांना मी खाली बसवलं. काठी हाताशी आहे, दार काही लांब नाही. माझी माणसं आली आहेत, मीच उघडते.